कमी पळणारी गाडी

शिरगाव, बदलापूर (पूर्व)
९ नोव्हेंबर २००८

आदरणीय जनाक्कांस,

धाकट्या भावजयीचा, यशोधराचा, मनापासून जय भीम. तुमच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं आणि पट्टी निघाल्याबरोबर सुनेने हॉलला दिलेला रंग तुम्हाला दिसला आणि तो अजिबात आवडला नाही, हे फोनवर कळलं. म्हणजे डोळा उत्तम झाला. औषधाचे थेंब घालताना मान चांगली मागे टाकत जा, नाहीतर ते गालावरून ओघळून वाया जातात. नाशिकला थंडी सुरू झाली असेल, कानाला बांधून फिरत जा. इकडे आम्ही सर्व मजेत आहोत. (हे वाक्य मी शाळेत जन्मभर पत्रलेखनाच्या तासाला फळ्यावर लिहिलं, त्यामुळे ते हातातून आपोआप येतं. ते खरं मानू नका.)

आम्ही नवी गाडी घेतली एवढंच मी तुम्हाला फोनवर बोलले. तुम्ही आनंदाने ‘चारचाकी का गं?’ विचारलंत आणि मी विषय बदलला. फोन हॉलमध्ये आहे आणि तुमचे बंधूही दिवसभर हॉलमध्येच असतात, म्हणून हे सगळं कागदावर लिहिते आहे. चारचाकी नाही, विजेवर चालणारी स्कूटर आहे. रंग पिस्त्याच्या बर्फीसारखा. दिसायला एखाद्या मोठ्या घरच्या मुलाचं खेळणं वाटते.

यांचं विसरणं तुम्हाला माहीत आहे. पण तुम्ही मागे भेटलात तेव्हा ते चष्मा विसरत होते, आता चष्मा कशासाठी असतो ते अधूनमधून विसरतात. कल्याणच्या डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं. मी ते लिहून घेतलं नाही, समजायचं ते समजले. लायसनची मुदत संपली तेव्हा नवं करायला त्याच डॉक्टरांची सही हवी होती आणि त्यांनी पेन खाली ठेवलं. मग विक्रांत पुण्याहून येऊन जुनी स्कूटर विकून गेला. मुलाने बरोबरच केलं. पण अक्का, त्यानंतर हे रोज सकाळी किल्ली घेऊन खाली जायचे, रिकाम्या जागेसमोर उभे राहायचे आणि वर येऊन म्हणायचे, “अगं, गाडी चोरीला गेली!” रोज नव्याने चोरी. विक्रांतने विकली असं मी पहिल्यांदा खरं सांगितलं, तर डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं, पुन्हा पाणी. मग मी गॅरेजला दिली आहे म्हणायला लागले. (खोटं बोलू नये हे मी मुलांना शिकवलं. पण तेच दुःख त्या माणसाला रोज सकाळी चहाबरोबर देऊ का?)

गाडी नाही म्हणून घरात बसले असते तर बरं. एकदा डबा घेऊन रिक्षाने थेट अंबरनाथला कारखान्याच्या गेटवर गेले, फर्स्ट शिफ्टला. रिटायर होऊन किती वर्षं झाली! गेटवरच्या माणसाने आदराने ‘आज सुट्टी आहे साहेब’ म्हणून त्याच रिक्षात परत बसवलं. हे घरी येऊन मलाच रागावले, सुट्टी आहे हे आधी का सांगितलं नाहीस म्हणून.

अशात पेपरात जाहिरात आली. पेट्रोल नको, लायसन नको, आवाज नाही, धूर नाही. यांनी ती कापून खिशात ठेवली. जेवलो की नाही हे ज्यांना आठवत नाही, ते ती जाहिरात काही केल्या विसरेनात. विक्रांत फोनवर आधी साफ नाही म्हणाला, मग ओरडला, मग दमून म्हणाला, “आई, घ्यायचीच असेल तर नीट बघून घे. एका चार्जिंगमध्ये जास्तीत जास्त लांब जाणारी घे, बॅटरी दमदार घे.” मी सगळं नीट ऐकून घेतलं आणि मनाशी अगदी त्याच्या उलट ठरवलं.

उल्हासनगरच्या बाजारात हासोमल शेठ म्हणून आहेत, पूर्वी शिलाई मशीन विकायचे, आता या गाड्या ठेवतात. तिथे गेलो. यांनी दुकानात पाऊल टाकलं आणि अक्का, किती दिवसांनी मला आमचे जुने किसनराव दिसले. प्रत्येक गाडीचं मडगार्ड बोटाच्या पेराने वाजवून बघितलं, चाक फिरवून कान लावला, नट चाचपले. फिटर होते ना. मग विचारलं, “पेट्रोलची टाकी कुठे आहे?” शेठनी समजावलं की ही विजेवर चालते, सीटखाली बॅटऱ्या आहेत. यांनी मान डोलावली, दुसऱ्या गाडीपाशी गेले आणि विचारलं, “पेट्रोलची टाकी कुठे आहे?” शेठनी पुन्हा समजावलं. चौथ्या गाडीपर्यंत शेठना वाटायला लागलं की हे गिऱ्हाईक भाव पाडायला असं करतंय, आणि त्यांनी आपण होऊन सूट जाहीर केली.

मी तेवढ्यात विचारलं, “शेठ, इसमें सबसे कम कौन सी जाती है?”

शेठ माझ्याकडे बघत राहिले. “बहनजी, सब पूछते हैं कितना जाएगी. आप पूछती हो कितना नहीं जाएगी?”

हे तिकडे एका गाडीचा हॉर्न वाजवण्यात रमले होते. मी हळू आवाजात सगळं सांगितलं. म्हटलं, हे जाणारच, मी अडवून अडवणार किती? चालत गेले तर रेल्वे रूळ ओलांडतील, रिक्षात बसले तर रिक्षावाला सांगतील तिथे नेऊन सोडेल. त्यापेक्षा यांच्या हातात यांची स्वतःची गाडी असू दे, पण ती अशी हवी की जिथे दमेल तिथपर्यंत मला रिक्षाने पोचता यावं.

शेठ म्हणाले, “मेरी माँ आखिर में अपना घर ढूँढने निकलती थी. शिकारपुर वाला. यहाँ उल्हासनगर की गलियों में. हम बोलते, अम्मा, वो तो सिंध में रह गया. वो बोलती, नहीं, अगली गली में है.” आणि आतून एक गाडी काढून आणली. जुनं मॉडेल, बॅटरी लहान, तक्रारी आल्या म्हणून कंपनीला परत धाडायला ठेवलेली. गिऱ्हाइकाला अशी गाडी विकायची त्यांना लाज वाटत होती आणि मला ती बघून किती बरं वाटलं म्हणून सांगू. शेठनी पुढच्या बाजूला आमचा टेलिफोन नंबर दुकानाच्या पाटीएवढ्या मोठ्या अक्षरांत रंगवून दिला. आवाज नाही ही या गाडीची सगळ्यात मोठी खोड, कारण जुनी स्कूटर चालू झाली की मला मोरीतही कळायचं. म्हणून मोटारी मागे घेताना वाजते तसली एक धून त्यांनी किल्लीला जोडून दिली. किल्ली फिरवली की पिपाणीसारखं गाणं सुरू. आमच्या सोसायटीत आता सगळ्यांना कळतं की किसनराव निघाले.

गाडी आली त्या दिवशी यांनी हार घातला, पेढे वाटले (खालच्या मजल्यावर दोनदा) आणि मला मागे बसवून फिरायला नेलं. सपाट रस्त्यावर ठीक. पण उड्डाणपुलाचा चढ आला तशी गाडी उसासे टाकू लागली आणि मध्येच थांबली. मी उतरले. एकटे हे, तर गाडी चढते. मग हे गाडीवर आणि मी पदर खोचून पाठोपाठ चालत, अशी आमची वरात पुलावर गेली. त्यात मी पुढे निघून गेले, अक्का! हे मागून ओरडत होते, “यशोधरा, धावू नकोस, पडशील!” मी पुलाच्या माथ्यावर वाट बघत उभी होते आणि इतकी हसले की येणारे-जाणारे बघायला लागले. तसं हसून किती दिवस झाले होते.

चार्जिंगचं मी माझ्या हातात ठेवलं. हे आंघोळीला गेले की अर्ध्यावरच बटण बंद करते आणि सगळा दोष लोडशेडिंगवर ढकलते. लाइट इतकी जाते की ते यांना सहज पटतं. असे दिवस बरे चालले होते. हे भाजी मार्केटला जायचे, पारावर बसायचे, परत यायचे. कधी भाजी आणायचे, कधी पिशवीत दुसऱ्याचीच भाजी असायची.

गेल्या आठवड्यात दुपारी मी जरा आडवी झाले होते. धून वाजली नाही, म्हणून मी निवांत. उठून बघते तर हे नाहीत, खाली गाडी नाही. गाडीच्या जागेवर एक पेचकस आणि वायरचा तुकडा पडला होता. धुनीची कटकट झाली म्हणून यांनी ती वायर काढून टाकली होती, किती सफाईने, बाकी कशालाही धक्का न लावता. अक्का, डोकं विसरलं तरी हात विसरले नाहीत. मला भीती वाटायच्या आधी अभिमान वाटला. मग भीती वाटली.

मी पार शोधला, मार्केट शोधलं. घरी येते तर फोन वाजतोय. खरवईहून एका इमारतीचा वॉचमन बोलत होता, गाडीवरचा नंबर वाचून. म्हणाला, बाबा ठीक आहेत, पण उठायला तयार नाहीत, बहीण येईपर्यंत थांबणार म्हणतात. मी कोणती इमारत विचारलं आणि त्याने सांगितलं तशी मी रिक्षा शोधायला धावले. पूर्वी खरवईला तुमची खोली होती ना, ती चाळ पाडून तिथे ही इमारत झाली आहे. तुम्ही जागा ओळखली नसती. मी ओळखली नसती. यांनी बरोबर शोधली.

रिक्षाने पोचले तर हे गेटपाशी वॉचमनच्या खुर्चीत ताठ बसलेले, गाडी शेजारी दमून उभी. मांडीवर केळ्यांची पिशवी. मी समोर जाऊन उभी राहिले. यांनी मला नीट बघितलं, उठले, खुर्ची पुढे केली आणि म्हणाले, “बसा बाई. तुम्हीपण अक्काकडे आलात का? ती बाजारात गेलीय, येईल एवढ्यात.”

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण यांनी मला ‘बसा बाई’ कधी म्हटलं नव्हतं. मी बसले. वॉचमनने यांच्यासाठी दुसरी खुर्ची आणली आणि आम्ही दोघं शेजारी शेजारी तुमची वाट बघत बसलो. यांनी मला एक केळं दिलं. मी विचारलं, अक्का कशा आहेत? म्हणाले, “रागीट आहे. पण माझं शिक्षण तिनेच केलं. आमची आई लवकर गेली ना.” आणि मग तुमच्याविषयी इतकं बोलले, अक्का, की मला त्यातलं निम्मं माहीत नव्हतं. तुम्ही यांना खांद्यावर घेऊन ओढा ओलांडलात ते, भाकरी दिली आणि मी जेवले म्हणालात ते. अनोळखी बाईला माणूस मोकळेपणाने सांगतो, बायकोला सांगायचं राहून जातं.

ऊन उतरायला लागलं तशी मी म्हटलं, अक्कांना आज उशीर होणार, उद्या येऊ. तुमचं नाव घेतलं म्हणून ऐकलं. हे हँडल धरून आणि मी मागून ढकलत, अशी गाडी घराकडे निघाली. शिरगावच्या वळणावर हे एकदम थांबले, मागे वळले आणि कडाडले, “यशोधरा, तुला बजावलं होतं, गाडी नीट पारखून घे! ही काय गाडी आहे? दोन पावलं जाऊन दम टाकते!” मी भर रस्त्यात रडले. लोकांना वाटलं, नवरा ओरडला म्हणून रडते. त्यांना काय सांगू, नवरा ओरडला हाच आनंद होता.

विक्रांतला कळलं आहे. तो म्हणतो, गाडी आजच्या आज काढून टाक. मी नाही काढणार. हासोमल शेठनी धून परत जोडून दिली आहे, या वेळी वायर कुठून नेली ते यांना दाखवलेलं नाही. थोरामोठ्यांना जय भीम, नातवंडांना आशीर्वाद. डोळ्याला जपा.

आपली,
यशोधरा

ता. क. खरं म्हणजे पत्र एवढ्याचसाठी लिहिलं. डॉक्टरांनी हिंडायला परवानगी दिली की तुम्ही इकडे या. पण आमच्याकडे उतरू नका. त्या इमारतीत तळमजल्यावर तुमच्या जुन्या शेजारीण बनूबाई राहतात, मी त्यांच्याशी बोलले आहे, त्या आनंदाने ठेवून घेतील. हे पुन्हा तिकडे जाणार. तेव्हा एकदा तरी दार तुम्ही उघडा. फार दिवस थांबण्यासारखं नाही, एवढंच लिहिते.

ता. क. २. मी लिहिताना हे शेजारी येऊन बसले. कुणाला लिहितेस विचारलं, तुमचं नाव ऐकून पेन मागून घेतलं. पुढचं यांच्या हातचं आहे.

अक्का, मी बरा आहे. काळजी यशोधराची वाटते. तिचं डोकं हल्ली ठिकाणावर नसतं. काल रात्री जेवताना मला विचारते, ‘मी कोण, सांगा बघू?’ स्वतःचंच नाव विसरली बिचारी. मी सांगितलं तर रडायला लागली. तिला कुठल्यातरी चांगल्या डॉक्टरला दाखवावं म्हणतो. तू तिला काही बोलू नकोस, मनाला लावून घेते.

तुझा,
किसन