चार ते पाचचा तास

बागलकोट, ४ नोव्हेंबर

प्रिय फकीरव्वा,

गुळेदगुड्डला तुझा जम बसला का, हे विचारायला हवं, पण विचारवत नाही. एम.ए.ला विद्यापीठात दुसरी आलेली मुलगी खाजगी शिकवणीत सहावीच्या पोरांकडून पाढे म्हणून घेते, यात जम तो कसला बसायचा? परवा बाजारात तुझी गेल्या वर्षीची विद्यार्थिनी शैला बडिगेर भेटली. तिने सांगितलं की तू तिथे नागरिकशास्त्राचा एक तास मागून पाहिलास, आणि मालक म्हणाला की त्या विषयाला शिकवणी लावतं कोण. मी भाजी न घेताच घरी आले. सारखं कुणावर तरी ओरडावंसं वाटत होतं, आणि घरात ओरडायला भिंती सोडून कुणी नाही.

विद्यापीठाची नवी पुस्तिका आली आहे. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर हसणारी मुलं. बी.ए. राज्यशास्त्र या पानाखाली आता एकतीस विषय आहेत. युद्ध आणि शांतता, पर्यावरणाचं राजकारण, माध्यमं आणि लोकमत, निवडणुकांचा अभ्यास, मानवी हक्क, काय म्हणशील ते आहे. आपल्या वर्गात शिकवले जायचे ते नऊ, अकरा वर्षं तेच नऊ, आणि यंदा आठच. खानावळीच्या पाटीवर वीस पदार्थ असावेत आणि बसल्यावर कळावं की आज फक्त भाकरी आणि भरली वांगी. जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी केरूरकडचा एक बाप त्या यादीवर बोट ठेवून मला म्हणाला होता, “एवढं सगळं शिकवता होय बाई?” मी हो म्हटलं. दर वर्षी मी हो म्हणत आले.

‘ग्रामपंचायत आणि स्थानिक शासन’ अजून यादीत आहे. एकविसावा. त्याच्याखाली बारीक अक्षरात तेच वाक्य, पुरेशी विद्यार्थीसंख्या असल्यास. वीस सह्या लागतात आणि जुलैमध्ये आपल्याकडे अकरा झाल्या. तो विषय गेला की तुझे तास भरत नाहीत, आणि तास भरले नाहीत की अतिथी अध्यापकाला पुढची नेमणूक नाही, हे तुला मी सांगायला नको. आपल्याच विभागातल्या कडेमनींच्या आंतरराष्ट्रीय संबंधांना चौसष्ट सह्या! त्यांनी आयुष्यात हुबळीच्या पलीकडे पाऊल टाकलेलं नाही, गाइड छातीशी धरून शिकवतात, पण परीक्षेआधी आठ प्रश्न सांगतात आणि त्यातले सहा येतात. शिवाय तास साडेदहाचा. पोरांना अजून काय हवं?

तू चार वर्षांपूर्वी तो विषय मागितलास तेव्हाचं मला सगळं आठवतं. तो विषय कुणालाच नको असायचा. कडेमनी चहाचा कप हातात घेऊन म्हणाले होते की पंचायत शिकायला कॉलेज कशाला हवं, ती तर पारावर बसून कळते. तू बशी खाली ठेवलीस आणि अगदी साध्या आवाजात म्हणालीस, “सर, आम्हाला पारावर कोण बसू देतं?” त्यानंतर त्यांनी तो चहा गार होईपर्यंत ढवळला. मी मनात म्हटलं, ही माझी विद्यार्थिनी. तळवारांच्या घरातली पहिली पदवी, आणि तिने तीस वर्षं एकाच खुर्चीत मुरलेल्या माणसाला एका वाक्यात गप्प केलं. मला तुझा इतका अभिमान वाटला की मी घरी जाऊन एकटीसाठी शेवया केल्या.

आणि तुझं ते वीस गुणांचं काम. प्रत्येकाने आपापल्या गावच्या ग्रामसभेला सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसायचं आणि दोन याद्या करायच्या, कोण बोललं आणि कोण येऊनही बोललं नाही. पहिल्या वर्षी निम्मी पोरं परत येऊन म्हणाली की मॅडम, आमच्याकडे सभा होतच नाही, सेक्रेटरी वही घेऊन घरोघर फिरतो आणि अंगठे घेतो. तू म्हणालीस, मग तेच लिहा. काय वह्या आल्या होत्या त्या वर्षी! मी राज्यघटनेची अकराव्या भागापर्यंतची कलमं पोरांकडून घोकून घेतली, पण कलमाला हातपाय असतात हे मला त्या वह्यांतून कळलं. एका मुलीने न बोललेल्यांच्या यादीत पहिलं नाव स्वतःच्या आईचं लिहिलं होतं. ती वही मी परत दिली नाही, माझ्याकडेच आहे.

म्हणून जुलैत मी तुझ्यासाठी वर्गावर्गात फिरले. सगळ्या कॉलेजने पाहिलं. या वयात, गुडघे दुखत असताना, तिन्ही मजले चढून. पोरी ऐकून घ्यायच्या, एकमेकींकडे पाहायच्या, आणि शेवटी एकच गोष्ट सांगायच्या की विषय आवडतो, फकीरव्वा मॅडम आवडतात, पण तास चार ते पाच आहे आणि केरूरकडची बस तीन चाळीसला सुटते. पुढची साडेसहाला. मी त्यांच्यावर चिडले. हो, त्यांच्यावर! शिकायचं असलं की बस सापडते, असं मी भर वर्गात बोलले. तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, “मॅडम, साडेसहाची बस सापडेल. दुसऱ्या दिवशी कॉलेज सापडणार नाही. अप्पा घरात बसवतील.” सगळा वर्ग हसला, पण त्या हसण्यात मजा नव्हती. मी पाठ फिरवून फळा पुसत राहिले.

पंचायतीचा विषय ज्यांच्यासाठी, त्यांची बस गेल्यावर तो भरवायचा. याला मूर्खपणा म्हणावं की आणखी काही? तू मला वेळापत्रक लागलं त्याच दिवशी विचारलं होतंस, जरा बिचकतच, की अक्का, हा तास सकाळी नाही का घेता येणार. मी सांगितलं की खोल्या नाहीत, चौदा नंबर संगणकवाल्यांनी घेतली, प्राचार्य ऐकत नाहीत. तू मान हलवलीस. तू वाद घालायला हवा होतास, फकीरव्वा. कडेमनींना गप्प करणारी तू, माझ्यापुढे का गप्प बसलीस? याचाही मला राग येतो, आणि हा राग कुठे ठेवायचा ते कळत नाही.

आता जे लिहायला बसले आहे ते लिहिते. शैलाचं गाव चिक्कहोळी, ते माझंही माहेर. ते तुला माहीत होतं, आणि पंचायतीचा अध्यक्ष मल्लनगौडा माझा धाकटा भाऊ, हेही. गेल्या वर्षी दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत शैलाने याद्या करता करता घरकुलाची यादी मागितली आणि उभी राहून मोठ्याने वाचली. तिसरं नाव माझ्या भाच्याचं निघालं. त्याचं घर दुमजली आहे, वरच्या मजल्यावर मी नागपंचमीला माहेरी जाते तेव्हा झोपते. तेव्हा लोक हसले आणि विषय मिटला, असं वाटलं. पण पोरींनी तक्रार केली, आणि जूनमध्ये ती यादी तालुक्यावरून परत आली. तुला हे कळलं तेव्हा तू आनंदाने पेढे वाटले होतेस. त्यातला एक मीही खाल्ला.

त्याच आठवड्यात मल्लनगौडा माझ्याकडे आला. ज्वारीचं पोतं आणलं होतं, नेहमीसारखं. जेवला, पान लावलं, आणि मग म्हणाला, “अक्का, त्या तळवारांच्या पोरीला जरा आवर. शिकवायचं सोडून गावागावात लावालावी करते.” मी त्याला चांगलं सुनावलं. विषय विद्यापीठाने ठरवलेला आहे, तो बंद करणं माझ्या हातात नाही, आणि असतं तरी केलं नसतं, असं सगळं. तो रागावला नाही. हसला आणि म्हणाला, “बंद कर कोण म्हणतंय? जरा बाजूला सरकव. तूच वेळापत्रक करतेस ना?” आणि निघताना दारात चपला घालत म्हणाला, “पंचमीला गाडी पाठवतो. येशील ना?” दर वर्षी तो पाठवतोच, त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं. या वर्षी विचारलं. नवरा गेल्यापासून मला तेवढं एकच घर आहे, जिथे माझ्यासाठी ताट वाढून कुणीतरी वाट बघतं. ते घर त्याने किती सहज पुढे केलं आणि किती सहज मागे घेता येतं ते दाखवलं.

मी लगेच काही केलं नाही. तीन दिवस वेळापत्रकाचा पुठ्ठा टेबलावर पडून होता. अकराच्या चौकटीत तुझं नाव पेन्सिलीने लिहिलेलं होतं, कारण ती तुझी नेहमीची जागा. चौदा नंबर संगणकवाल्यांनी मागितली हे खरं, पण त्यांनी ती दुपारपुरती मागितली होती. प्राचार्यांना मी विचारलंच नाही. मी खोडरबर घेतलं आणि तुझं नाव चार ते पाचमध्ये नेऊन ठेवलं. कोणाची बस कधी सुटते हे त्या कॉलेजात माझ्याइतकं कुणाला पाठ नाही, तीस वर्षं मी ते बघूनच तास लावले. मग मी सह्या मागत फिरले. आपणच फास आवळायचा आणि आपणच गावभर पाणी मागत धावायचं, असं. स्वतःला मी सांगत राहिले की वीस सह्या होतील, झाल्याच तर बरंच, नाही झाल्या तर नियमाने बंद झालं, माझा काय दोष. कुंपणाने शेत खाल्लं म्हणतात ना, ते इतकं हळू आणि इतकं नीट खाता येतं हे मला माहीत नव्हतं. पंचमीला गाडी आली. मी गेले, झोपाळ्यावर बसले, तिळाचे आणि शेंगदाण्याचे लाडू खाल्ले. परत आले त्या दिवशी तू कपाटाची किल्ली माझ्या हातात ठेवून निघालीस.

हे आजच का लिहिते आहे, ते सांगते. एकतीस तारखेला मी निवृत्त झाले. शाल, नारळ, फळांची परडी, भाषणं. प्राचार्यांनी जुन्या विद्यार्थ्यांची पत्रं वाचली आणि सगळ्यात शेवटी तुझं. तू लिहिलं होतंस की अक्कांनी माझ्या विषयासाठी वर्गावर्गात पदर पसरला, आणि आम्ही हरलो ते दोघी मिळून हरलो. टाळ्या वाजल्या, कडेमनींनी डोळे पुसले. मी हात जोडून बसून राहिले, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना. चार दिवस झाले, मला अन्न गोड लागत नाही. फकीरव्वा, आपण दोघी मिळून हरलो नाही. तू हरलीस आणि मी हरवलं. अतिथी अध्यापकांच्या तक्रारी विद्यापीठाची समिती या महिन्याच्या अखेरपर्यंत घेते, विषय जाणूनबुजून पाडला हे दाखवलं तर तुझे तास परत मिळू शकतात, आणि दाखवायला तुझ्याकडे आजवर काहीच नव्हतं. आता हे पत्र आहे. माझ्या पेन्शनचे कागद अजून प्राचार्यांच्या टेबलावर आहेत, मल्लनगौडाही वाचेलच, त्याची काळजी तू करू नकोस. मला धीट म्हणू नकोस, हे जुलैत लिहिलं असतं तर तो धीटपणा झाला असता. मला उत्तर पाठवू नकोस, माफ तर मुळीच करू नकोस, घाई करशील. हे पत्र उशाशी ठेवू नकोस, समितीपुढे ठेव. त्यासाठीच खाली पूर्ण नाव आणि हुद्दा घालून सही केली आहे.

तुझीच, तू म्हणू दिलंस तर,

शिवलीला मल्लप्पा हिरेगौडर
राज्यशास्त्र विभागप्रमुख (३१ ऑक्टोबरपर्यंत)