कुंडीतल्या वडाचा दोरा

खांडबारा, ज्येष्ठ वद्य प्रतिपदा

कुंडीतल्या माझ्या वडाची डावी फांदी वर्षभर ऐकेना. तांब्याच्या तारेने वाकवू पाहिली, तर सालीवर वळ उठले. आज कापायचीच ठरवली होती. पण काल पाय मुरगळल्यामुळे बायकोने वटपौर्णिमा या वीतभर झाडापाशीच केली. कात्री घेऊन गेलो, तर बुंध्याला नि त्या फांदीला मिळून दोरा गुंडाळलेला!

"कापू नका, मन्हा दोरा शे त्याले."

"एवढ्याशा वडाकडे सात जन्म मागितलेस?"

"लहान शे, पन वडच शे ना!"

चरफडलो. मग नीट पाहिले. दोऱ्याने फांदी मला हवी तशीच झुकली होती, नवा वळ एकही नाही. तार काढून टाकली. दोरा राहू दिला.

हिच्या हाताखाली मीही असाच वाकत आलो की काय? वळ तर कुठे दिसत नाहीत.