निधनाचं पान चहाआधी बंद होतं

३ मार्च
दादाने आज पाण्याचा ग्लास माझ्या टेबलावर आपटून फोडला. "सही कर!" तळहातात काच घुसली. माझ्याच.

बाबांनी पेपर दोघांच्या नावावर केला, अर्धा-अर्धा. दादाला तो मंत्र्याला विकायचाय. आपल्या भाषेच्या शाळा बंद पाडल्या याच मंत्र्याने, आता पेपर उरलाय. "वाचतंय कोण हे तुझं चिटोरं?" — दादा. कुणी वाचत नाही तर मंत्री एवढा जीव का टाकतोय?

५ मार्च
मंत्र्याच्या माणसांनी पेपर वाटायची गाडी पेटवली. ड्रायव्हर आतच डुलकी काढत होता. त्याच्या पाठीची सालटं निघालीत.

८ मार्च
भरदुपारी चौघे छापखान्यात घुसले. मशीनवाल्या काकांचा हात रोलरमध्ये धरला — आणि मशीन सुरू केलं! किंकाळी वरच्या मजल्यापर्यंत आली. मी धावत खाली गेले तर कागदावर शाई कुठली आणि रक्त कुठलं कळेना. स्ट्रेचरवरून काका म्हणाले, "ताई, उद्याचा अंक चुकवू नका."

रडू आलंच नाही. कुणाला तरी कडकडून चावावंसं वाटलं.

९ मार्च
अंक काढला. नाक ठेचलं मेल्यांचं!

११ मार्च
दादा आला. गोड बोलला, म्हणजे काहीतरी शिजतंय. "घरात आपण दोघंच उरलोय. तुला काही झालं तर तुझा हिस्सा माझ्याकडेच येणार. मग हट्ट कशाला?"

मी म्हटलं, चहा घेऊन जा. त्याने घड्याळ पाहिलं नि हसला. लहानपणची सवय! निधनाचं पान आमच्याकडे दुपारच्या चहाआधी बंद होतं. त्यानंतर बातमी आणणाऱ्याला बाबा परत पाठवायचे, मग मागाहून आम्हाला हळूच म्हणायचे, "उशिरा मेला, परवाच्या अंकात जाईल!" दादा खो खो हसायचा. तेव्हा मला फार आवडायचा तो.

१४ मार्च
चहाच्या थोडं आधी पान लावणारी मुलगी घाबरी होऊन आली. "दादांचा फोन होता. निधनाच्या पानावर मोठी चौकट राखून ठेवा म्हणाले, फोटोची जागा धरून. घरची बातमी आहे. नाव संध्याकाळी कळवतो म्हणाले."

बाबांच्या पिस्तुलाला तेल दिलं. घरात पुरुष उरला नाही की बातमी घरची बाईच देते.

तिला म्हटलं, चौकट राहू दे. फोटो दादाचा काढून ठेव.