तेवढा अर्धा तास

प्रिय धाकटे,

रागाच्या भरात लिहितेय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. फोनच केला असता, पण फोन तुझ्या भाऊजींच्या हातात, तोही स्पीकरवर. तू तब्येत विचारतेस आणि उत्तर तेच देतात, एकदम झकास! केमोनं तोंडभर फोड आलेत, घोटभर पाणी गिळवत नाही, आणि म्हणे झकास.

वॉर्डात हल्ली एक मनाची डॉक्टर येते. पोरगेलीच आहे, पण खुर्ची ओढून निवांत बसते. परवा तिनं विचारलं, झोप लागते का, मनात काय काय येतं. मी तोंड उघडायच्या आत हे सुरू! आमची ही वाघीण आहे, रडणं हिच्या रक्तातच नाही. मग यांच्या ऑफिसातल्या कुणाचा तरी मामा कसा ठणठणीत झाला, ते पुराण. ती बिचारी माझ्याकडे बघत राहिली. आणि मी हसले गं! सवयच झालीय मेली. ती निघाली तेव्हा हे तिला म्हणाले, हिच्या डोक्यात नसतं काही भरवू नका. अस्सा संताप आला म्हणून सांगू!

भेटायला येणारेही तसलेच. लेक विनोद सांगतो. शेजारीण म्हणते, मन प्रसन्न ठेव, निम्मा आजार पळतो. म्हणजे नाही पळाला तर चूक माझीच! आजारी मी, आणि सगळ्यांना धीर देऊन देऊन नाकी नऊही माझ्याच आलेत.

तुझ्या भाऊजींना बाहेर बसा म्हणायला जीभ रेटत नाही. बाथरूममध्ये नळ सोडून रडतात आणि डोळ्यांत साबण गेला म्हणतात. वेडा माणूस. मी यांच्यासमोर रडले तर कोलमडतील.

मंगळवारी ती डॉक्टर पुन्हा यायची आहे. तू ये. भाऊजींना चहाला खाली ने, पाय मुरगळल्याचं सोंग कर, नाहीतर भांडण उकरून काढ, त्यात तू पटाईत आहेस. पण अर्धा तास त्यांना वर फिरकू देऊ नकोस. मला मरणाची फार भीती वाटते गं. एवढंच मला एकदा मोठ्यानं म्हणायचंय, आणि ते ऐकून कुणी 'छे, काहीतरीच काय' म्हणायला नकोय. तू आत्ता वाचतानाही तेच म्हणालीस ना? म्हणून सांगते, तूही आत थांबायचं नाहीस.

तुझीच,
ताई