बारा टोपणं, अकरा पाती

तीर्थस्वरूप मामांच्या दोन्ही पायांना (डाव्याला अंमळ जास्त) भाच्याचा साष्टांग नमस्कार.

इकडे सगळे धडधाकट आहेत, फक्त जमिनीवर कोणी नाही. तुमची बहीण, म्हणजे आमच्या मातोश्री, सकाळपासून पलंगावर पाय पोटाशी घेऊन बसल्या आहेत. तुमची तब्येत कशी आहे? डाव्या पायाचा बधिरपणा कमी झाला का? काही टोचलं तर कळतं का? (सहज विचारतो. उगाच टोचून बघू नका.)

तर झालं असं. गेल्या आठवड्यात एक शिकारी दुकानात आला. अंगाने दाराएवढा, बोलणं जेमतेम. त्याने बाणांची पोलादी पाती टेबलावर मांडली, दांड्यांपासून सोडवलेली, तीन-तीन धारांची. त्यातल्या एका पात्याने स्वतःच्या मनगटावरचे केस भादरून दाखवले आणि म्हणाला, "बारा दिली, बारा घेणार." भात्यात हात घालताना बोटं कापतात, म्हणून प्रत्येक पात्याला चामड्याचं टोपण हवं होतं. मामा, आजवर मी पट्टे शिवले, पाकिटं शिवली, पण माप घ्यायला हात पुढे होईना असं काम पहिलंच. (पात्यांबद्दल बोलतोय. शिकाऱ्याबद्दलही तेच.)

कातडं भिजवलं, पात्यावर दाबून आकार घेतला, कडेने दुहेरी टाका घातला. आता ओलं टोपण उन्हात आकसतं, म्हणून ते पात्यासकट बुटाच्या नाकात खोचून सावकाश वाळवायचं, ही तुमचीच शिकवण. (दोष देत नाही, आठवण करून देतो.) दुकानात सहा जोड होते, ते सगळे कामाला लावले. काल सकाळी एकेक टोपण ओढून काढलं, मोजली, बरोबर बारा भरली. आनंदाच्या भरात मी तयार बूट ज्याचे त्याला रवानाही केले.

आज शिकारी आला आणि प्रत्येक टोपण काढून पातं बघत गेला. बारावं रिकामं निघालं. मी टोपणं मोजली होती, पाती नव्हे. एक पातं कुठेतरी उघडं पडलंय हे ध्यानात येताच त्या रानडुक्कर मारणाऱ्या माणसाने दोन्ही पाय उचलून स्टुलावर घेतले. अजून तसाच बसला आहे. बायको खुर्चीवर उभी राहून दोरीला बांधलेलं लोहचुंबक फरशीवरून फिरवते आहे. खिळे निघाले, आईची हरवलेली सुई निघाली, पातं नाही. मामा, मी फार घाबरलो आहे. टेबलावर चढून लिहितो आहे, अक्षर सांभाळून घ्या. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. काल बसच्या ड्रायव्हरच्या हाती तुमच्यासाठी नवे बूट पाठवले आहेत. डॉक्टरांनी सांगितलेत तसेच, जाड मऊ अस्तराचे. मिळाले असतील.

ता. क. २. ते पायात घालू नका. सहा जोडांतला एक तुमचाच होता. उजव्या बुटातलं पातं काढलेलं मला आठवतं. डाव्यातून नुसतं टोपण हाती आलं असावं आणि पातं अस्तरात रुतून राहिलं असावं. आत हात घालू नका, उलटा करून झटकूही नका (समोर मामी असतील).

ता. क. ३. तुमचा फोन लागत नाही, म्हणून मेहुण्याला मोटारसायकलवर पाठवतो आहे. अर्धा तास तो दारात गाडी चालू ठेवून उभा आहे आणि आटपा म्हणतो. वडीलधाऱ्यांना नमस्कार-चमत्कार न करता एकदम बुटावर कसं यायचं? पण मामा, हे वाचताना ते बूट पायात असतील, तर दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. आधी खाली बघा.