वजनाची भिशी

मुकुंदवाडी, औरंगाबाद
दि. १२ मे २०१९

तीर्थरूप मल्हारदादास,

धाकट्या ज्ञानेश्वरीचा नमस्कार. वहिनीला माझी आठवण सांग. मेंढरं घेऊन नाथसागराच्या काठाला गेलास असं कळलं. तिथं तरी काही हिरवं मिळतंय का? इथं नळाला आठवड्यानं पाणी येतं, आणि स्टेशनच्या मागं नव्या इमारती मात्र उठतच आहेत. हे पत्र आपल्या गावची योगिनी आणून देईल, पण तिला वाचायला लावू नको. सावकाश का होईना, तूच वाच.

आमच्याकडं ठीक आहे.

कंपनीत एक नवीनच सुरू झालंय. माझ्या शेजारी औषधाची खोकी चिकटवणारी भामाबाई फेब्रुवारीत उभ्या उभ्या पडली. शुगर निघाली. साहेबांनी भिंतीवर आरोग्याचं पोस्टर लावलं आणि विषय संपवला. मग अकाउंटच्या चारुता मॅडम जेवणाच्या सुट्टीत आमच्यात येऊन बसल्या. म्हणाल्या, मीही जाड आहे, कंपनी काही करणार नाही, आपलं आपणच करू.

आम्ही त्याला वजनाची भिशी म्हणतो. पैसे नाहीत, नुसतं वजन. दर शनिवारी गोदामात खोकी तोलायच्या काट्यावर एकेकीनं उभं राहायचं. चहात साखर निम्मी, समोसे बंद, जेवल्यावर शेडच्या सावलीत फिरायचं. पहिल्या दिवशी काट्यावर चढताना लई हसलो. दादा, मला ती सुट्टी आवडायला लागली. दिवसभरात तेवढंच कोणी माझ्याशी बोलायचं.

सगळ्यात जास्त वजन माझं उतरलं. मी काही जाड नव्हते, तरी उतरतच राहिलं. एप्रिलमध्ये बायकांनी नारळ देऊन माझा सत्कार केला, टाळ्या वाजवल्या आणि विचारलं, खातेस तरी काय? मी म्हणाले, रात्री ज्वारीची भाकरी आणि मेथी, ह्यांनाही तेच आवडतं.

पुढच्या रविवारी मॅडम आणि भामाबाई न सांगता घरी आल्या. माझी भाकरी बघायची होती त्यांना. मी पिठाचा डबा उघडेना, म्हणून भामाबाईनं उघडला. पिठाला जाळी लागली होती. गॅसवर धूळ होती. भामाबाईनं खोलीभर बघितलं. खुंटीवर पुरुषाचं एकही कापड नव्हतं.

"जेवतीस का बाई तू?" तिनं विचारलं.

"एकटीसाठी तवा ठेवावासा वाटत नाय," मी म्हणाले.

दादा, आता लिहिते. दिवाळीत ते पुण्याला नव्या कामावर गेले. संक्रांतीनंतर फोन आला, परत येणार नाही, तिथं दुसरं घर केलंय म्हणून. तू फोनवर आधी दाजींची चौकशी करायचास, मी ड्युटीवर आहेत म्हणायचे. त्यांची वाट बघत नव्हते मी. पण तुला सांगितलं की खरं होणार होतं.

त्या दिवशी भामाबाईनं शेजारून पीठ आणलं आणि भाकरी थापल्या. मॅडमना थापता येत नाही, त्यांनी कांदा चिरला. कोणी काही विचारलं नाही. मला दोन घासांच्या पुढं जाईना, पण त्या बसून राहिल्या.

शनिवारी मॅडम सगळ्यांदेखत म्हणाल्या, "ज्ञानेश्वरीताईंचा काटा आता वर जायला हवा." कारण सांगितलं नाही. तेव्हापासून दुपारी माझ्या ताटलीत कोणाची अर्धी भाकरी पडते, कोणाची चटणी. दुपार भरून जाते. संध्याकाळी कुलूप काढलं की खोली होती तशीच असते. तरी तवा ठेवते. कधी खाते, कधी भाकरी झाकून तशीच झोपते.

पुण्याला जाऊन भांडू नको, तुला आपल्या आईची शपथ. मला न्यायलाही येऊ नको, दादा. गावात मी टाकलेली म्हणून राहीन. इथं निदान कामाला जाते. पण पाऊस पडून मेंढरं घराकडं वळली की वहिनीला घेऊन दोन दिवस ये. कोणीतरी माझ्या घरात बसून जेवावं, एवढंच वाटतं.

तुझी बहीण,
ज्ञानेश्वरी.
पुढं कोणाचं नाव लावायचं ते अजून ठरलं नाही, म्हणून एवढंच लिहिलं.