घोडा गावला का नाय?

प्रिय बाबा,

तुला जाऊन दोन वर्षं झाली आणि तुला पत्र लिहायची बुद्धी मला आज होतेय. तुला वाचता येत नव्हतं हे माहीत असूनही! पण आज वर्गात एक मुलगी बोलली आणि तेव्हापासून तू डोळ्यांसमोरून हलत नाहीस.

मी अजून बोईसरच्याच शाळेत शिकवते. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चाललंय, त्याच्या कामावर लांबलांबून माणसं आलीत. त्यांतल्याच एकाची मुलगी सुशीला, सातवीतली. तिनं आज पुस्तक परत केलं. वहीत सारांश, बोध, कठीण शब्द, सगळं मोत्यासारख्या अक्षरात. मी सहज विचारलं, "गोष्ट आवडली का गं?" ती घाबरून वही चाळायला लागली. म्हणाली, "बाई, हे प्रश्नांत नव्हतं."

प्रश्न मीच दिले होते, बाबा.

तुला आठवतं? पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या की तू ओटीवर फाटकं जाळं सांधत बसायचास आणि मी शाळेतलं पुस्तक मोठ्यानं वाचायचे. आई गेलेली, घरात आपण दोघंच. एका म्हाताऱ्यानं घोडा विकला आणि पस्तावून तो शोधायला गावोगाव निघाला, ती गोष्ट! त्याच्यावर काय खेकसायचास तू! "आरं, बाजारात कशाला फिरतोस? त्या यापाऱ्याच्या घरी जा ना!"

मग गुरुजींनी वह्या घालून दिल्या. प्रत्येक पुस्तकाचा बोध लिहायचा. मला पहिला नंबर हवा होता. पान संपलं की मी थांबायचे आणि गुरुजींच्या थाटात तुलाच विचारायचे, "बाबा, सांग, यावरून काय बोध होतो?"

"घोडा गावला का नाय, त्ये सांग आदी."

"ते नंतर. आधी बोध."

त्या दिवशी तू सुई खाली ठेवलीस. बराच विचार करून म्हणालास, "जीव लावला त्याला इकू नाय."

"चूक!" मी म्हटलं. गुरुजींनी फळ्यावर 'प्रयत्नांचे फळ मिळते' असं लिहून दिलं होतं ना!

तू हसला नाहीस. दुसऱ्या दिवशी मी पुस्तक काढलं तर म्हणालास, "आज नको, पोरी. काम हाय." काम तर रोजच होतं. पुन्हा कधी तू 'वाच' म्हणाला नाहीस. एवढा का रे रुसलास? एक थोबाडीत द्यायची होतीस, पण ऐकायचं सोडायचं नव्हतंस!

त्यानंतर मजेसाठी पुस्तक उघडल्याचं मलाही आठवत नाही. खोलीवर येते, चहा करते, वह्या तपासते. चाळीस वह्यांत एकच बोध. दिवसभरात शाळेबाहेर कुणाशी चार शब्द होत नाहीत. फार एकटं वाटतं, बाबा. वाटतं, मधेच कुणीतरी तुझ्यासारखं "मंग?" म्हणावं.

येत्या शनिवारी शेवटच्या तासाला वह्या बंद. मी नुसती वाचणार आहे. प्रश्न पोरं विचारतील आणि उत्तर मी देईन, लगेच देईन. हा शब्द तुला देते.

आणि घोडा गावला, बाबा. बोध लिहिता यावा म्हणून शेवटचं पान मी आधीच वाचून ठेवलं होतं. म्हाताऱ्याला ओळख पटेना, घोड्यानंच त्याच्या खांद्यावर मान टाकली. तुला सांगायला एवढाच वेळ लागला असता.

तुझी पोर,
मंजुळा